दर सोमवारी बाबा

वर्धा
५ नोव्हेंबर १९८६

चि. रत्नमालास,
कमलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वहिनीचं पत्र आलं. तू म्हणे रविवारी दुपारपासून तोंड पाडून बसते, रात्री जेवत नाही, पोट दुखतं म्हणते. अन् सोमवारी घरी परतली की पोट आपोआप बरं! अगं बाई, असं कोणतं पोट आहे हे, ज्याले वार समजतो?

ओवा खा, वरून गरम पाणी पी. रविवारी न्हाऊन घे, सोमवारची साडी आधीच इस्त्री करून ठेव, अन् वहिनीसोबत बाहेर चक्कर मारून ये. तुझे बाबा गेल्यावर कारखान्यानं तुले तिथंच टायपिस्ट म्हणून घेतलं, त्यावरच घर चालून राहिलं, म्हणून जास्त काळजी वाटते. कोणी त्रास देऊन राहिलं काय? माझ्यापासून लपवू नको, नाही तर मीच येऊन धडकते. मग माझं घोरणं तुम्हीच ऐका.

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी, कमलाआत्या

भिलाई
९ नोव्हेंबर, रविवार

ती. कमलाआत्यास,
मालाचा शि. सा. न. वि. वि.

त्रास कोणीच देत नाही, आत्या. तेच तर सांगता येत नाही.

दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी भिलाईजवळच्या रसमड्याच्या आमच्या कारखान्यात सगळ्याईले शेडमध्ये उभं करतात, ऑफिसवाल्याईलेही. नवे साहेब अपघात कसे टाळायचे ते हिंदीत समजावतात. उदाहरण ठरलेलं. एक लापरवाह आदमी होता, सुरक्षेचा बेल्ट न लावता उंचावर चढला अन् पडून जान गमावून बसला. नाव घेत नाहीत. त्याईले माहीतच नाही, की तो आदमी म्हणजे नरहरी देशकर, अन् त्याची पोरगी तिथंच मागं उभी आहे. जुन्या लोकाईले माहीत आहे. ते खाली पाहतात.

बाबांनी बेल्ट लावला नव्हता हे तर खरंच आहे. मग भांडू कोणाशी? पण रविवारची जेवणं झाली की ते शब्द कानात सुरू होतात. आईले कसं सांगू? राजीनामा लिहून ठेवला आहे, महिनाअखेरीस देईन. रागावू नको.

डोक्यावर तुझा हात असू दे.
माला

वर्धा
१३ नोव्हेंबर १९८६

चि. मालास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडली, मग असा संताप आला की भाजी करपली तरी उठली नाही. लापरवाह? माझा भाऊ? झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा पाहणारा माणूस तो!

दे राजीनामा अन् दोघी इथं या, असं लिहिलं होतं. ते पान फाडलं. तू निघून आली तरी तिथं दर सोमवारी ते सांगणारच न! अन् तेव्हा नरहरीचं आपलं असं तिथं कोणीच नसेल. साहेबाले फक्त एवढं सांग, की तो माझा बाप होता. नाहीच जमलं तर खुशाल नोकरी सोड, वहिनीले मी समजावते.

जेवत जा पोरी. जीव तुझ्याकडे लागला आहे.
कमलाआत्या

भिलाई
२३ नोव्हेंबर, रविवार

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सोमवारी साहेबाच्या केबिनमध्ये गेली. सांगितलं तर ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. माफी मागितली, आता ही गोष्ट बंद करतो म्हणाले. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, पण मी म्हटलं, बंद नका करू, आज मी सांगते.

शेडमध्ये बाबांचं नाव सांगितलं. बेल्ट लावला नव्हता तेही सांगितलं. असा जपून वागणारा माणूसही एखाद्या दिवशी चुकतो, असं म्हणता म्हणता रडू फुटलं अन् वाक्य अर्धंच राहिलं. राजीनामा फाडून टाकला.

घरी येऊन आईले सारं सांगितलं. ती उठून भांडी घासायले गेली. मले वाटलं, उगाच सांगून बसली.

आज दुपारी पोट दुखलंच, खोटं काहून लिहू? संध्याकाळी आई जवळ येऊन बसली. बाबा गेल्यापासून तिनं त्यांचा विषय काढला नव्हता, आज काढला. म्हणाली, त्याईले उंचीची भारी भीती वाटायची. लग्न झालं तेव्हापासून रविवारी रात्री ते असेच पानावरून उठून जायचे, अन् सोमवारी निमूट डबा घेऊन निघायचे.

मी विचारलं, उद्या शेडमध्ये हे सांगू काय. आई म्हणाली, नको, एवढं आपल्याजवळ राहू दे. मग तिनं ताट वाढलं, अन् मी जेवेपर्यंत समोरून उठली नाही.

तुझा लोभ आहे म्हणून निभावलं, तो आटू देऊ नको.
तुझी, माला