आत उघडणारं दार

करंजाडे, पनवेल
२ फेब्रुवारी २०२५

चि. रंजिता,

‘अनेक आशीर्वाद’ असं लिहायला घेतलं आणि थांबलो. थोरल्या भावाने धाकटीला तसंच लिहायचं असतं, पण तो हक्क माझ्याकडे उरलाय का ते तूच ठरव. तुझं बेलपाडा इथून वीस मिनिटांवर, आणि मी पत्र कुरिअरने पाठवतोय. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

बाबा ठीक आहेत. चहात चोरून साखर घालतात आणि डॉक्टरांसमोर साळसूद चेहरा करतात. दिवसभर हॉलच्या खिडकीपाशी बसून असतात. या घराचा पाया भरला तेव्हा तू सहज आली होतीस, आठवतं? खिडकी खाली घे म्हणालीस, बसलेल्या माणसाला रस्ता दिसला पाहिजे. भिंत अजून उठायची होती, म्हणून ऐकलं.

पुढे मात्र तुला थेट प्लास्टर झाल्यावर बोलावलं. माझ्यासारख्या आर्किटेक्टने घर उभं करावं, तुझ्यासारख्या इंटिरिअरवालीने मागाहून सजवावं, हाच माझा खाक्या. माणूस त्या घरात कसा वावरेल हे दोघांनी पहिल्या नकाशावरच मिळून बघायचं असतं, हे तू मला कॉलेजात असल्यापासून सांगत होतीस. मला ते लहान बहिणीचं शहाणपण वाटायचं.

बाथरूमचं दार बाहेर उघडू दे, आईचे गुडघे बघ, असं तू म्हणालीस. मी म्हटलं पॅसेज तीन फुटांचा आहे, दार बेसिनवर आपटेल. मग सरकतं कर म्हणालीस. चौकट बसली होती, ती काढण्यात मला कमीपणा वाटला. दीनानाथ सुताराच्या देखत मी बोललो, "तू पडदे बघ." तू पडदे बघितलेस. छान झाले होते.

आई बाथरूममध्ये पडली ती अशी, की तिचे पाय दाराला टेकलेले. दार आत ढकलायचं तर तिच्यावरच. बिजागऱ्याही आतून, बाहेरून काढायची सोय नाही. मी खांदा लावला तेव्हा आतून म्हणाली, "ढकलू नको परेश, माजा पाय हाय मधी." दीनानाथ येऊन दार कापेपर्यंत पाऊण तास गेला. तितका वेळ ती ओल्या फरशीवर पडून होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात अकरा दिवस काढले तिने, हे तुला ठाऊकच आहे.

तेराव्याला भामाआत्याने सगळ्यांसमोर विचारलं, पडली कशी. मी म्हणालो, रंजिताने निवडलेल्या टाइल्स गुळगुळीत होत्या. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस आणि चपला घालून निघालीस. आत्या अजून ते घरोघर सांगते.

टाइल्स खरखरीत आहेत, रंजू. साबणाचं पाणी ओतून अनवाणी चालून पाहिलं. पण ते पाहायचीही गरज नव्हती. आईने आतून मला सांगितलं होतं, चक्कर आली म्हणून. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काल बाबांना इथवरचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "माज्यापाशी काय सांगतस? तिला सांग." येत्या रविवारी, नऊ तारखेला, आईचं वर्षश्राद्ध आहे. भामाआत्यासह सगळे जमतील, तेव्हा पानं वाढायच्या आधी मी उभा राहून हेच सांगणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस, सांगणार आहे.

एक अजून उरलं. बाबांनाही ते सांगितलेलं नाही.

आई त्या पाऊण तासात तुझं नाव घेत होती. "रंजीला बोलव, ती येल." फोन माझ्या हातात होता. तू वीस मिनिटांत पोचली असतीस, दाराबाहेर बसून तिच्याशी बोलली असतीस. तू आल्या आल्या त्या दाराकडे बघशील, एवढ्याच भीतीने मी तुला फोन केला नाही. तिला मात्र सांगत राहिलो, निघालीय, येतेय. ती दार कापेपर्यंत तुझी वाट बघत होती.

माफी मागत नाही, मागायला तोंड नाही.

तुझा दादा म्हणवून घ्यायला लाजणारा,
परेश