फोन हलता कामा नये

सोमवार, ३ तारीख
बाबांची जुनी गाडी आजपासून माझी. किल्ली देताना त्यांनी अट घातली. फोनचं बाजूचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की त्यांना आपोआप कॉल लागला पाहिजे. तशी सोय करून घेतली. म्हातारपणी माणसाला समाधान लागतं, उपयोग नव्हे.

शुक्रवारी साहेबांना नव्या साइटवर न्यायचं आहे. त्यांची गाडी गॅरेजात. कंपन-चाचणी विभागाचा प्रमुख कोण, ते त्याच दिवशी ठरणार. उमेदवार दोन, दोघंही गाडीत असणार. एक मी. दुसरा रबरबँड, म्हणजे तो सहकारी, जो गाडीत फोन दोन रबरांनी एसीच्या जाळीला बांधतो. ही स्पर्धा म्हणायची का, हा प्रश्नच आहे.

मला पदाची हाव नाही. खिडकीजवळच्या केबिनची लांबी-रुंदी मोजली, ती फक्त माहिती म्हणून.

मंगळवार, ४
मोबाईल होल्डर घ्यायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवून विचारलं, किती हर्ट्झपर्यंत टिकतो? त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला कव्हर दाखवायला घेतलं. शेवटी तीन प्रकार घेतले. काचेला चिकटणारा, जाळीत अडकवायचा आणि स्क्रूने जबडा आवळायचा.

बुधवार, ५
लॅबमधल्या कंपन-टेबलावर तिन्हींची चाचणी. स्वतःचा फोन तिथे लावण्याइतकी मी अडाणी नाही. फोनच्या मापाचा पितळी ठोकळा बनवून घेतला. २१२ ग्रॅम, कोपरेसुद्धा गोल.

काचवाला चार मिनिटांत पडला. जाळीवाला अकरा. स्क्रूवाला तासभर जागचा हलला नाही. एका हाताने ओढूनही ठोकळा निघता कामा नये, हा निकष मी स्वतः घातलेला. तोही पास.

रबरबँड येऊन म्हणाला, "अगं, एकदा खराच फोन लावून बघ ना." अशा माणसांना इंजिनीअरिंगची पदवी कोण देतं?

गुरुवार, ६
फोनवरच्या नकाशाचा आवाज गाडीच्या स्पीकरवर आणायचा प्रश्न. ब्लूटूथ आळशी लोकांसाठी. आवाज उशिरा पोचतो आणि चेंगरून पोचतो. एफएमवाली डबी लावली तर 'डावीकडे वळा' ऐवजी कुणाचीतरी जाहिरात ऐकू येते. उरली साधी ऑक्स वायर. चार्जिंगबरोबर ती घूं करते. मधे आयसोलेटर घातला, घूं गेली. फोनचा आवाज पूर्ण ठेवायचा, कमीजास्त गाडीच्या नॉबने करायचं. हा नियम माहीत असलेली माणसं या शहरात चार असतील.

जेवताना बाबांनी विचारलं, "मग उद्या गोगलगाय किती वाजता निघणार?" साहेब एक सही करायला आठ दिवस घेतात म्हणून हे नाव मी घरी एकदाच वापरलं होतं. बाबा रोज वापरतात. आई म्हणाली, "नावं ठेवण्यात आयुष्य जाईल हो तुझं." आईला संदर्भ माहीत नसतात.

शुक्रवार, ७. सकाळी ७.४०
फोन बसवला. स्क्रू आवळला. निर्दोष.

शुक्रवार, संध्याकाळी ६
साइटच्या अलीकडे खडीचा रस्ता आहे. तिथेही फोन तसूभर हलला नाही. हे आधी नोंदवते, कारण पुढचं ऐकून कोणी हे ऐकणार नाही.

फोन हलला नाही, म्हणून प्रत्येक दणका जबड्याने घेतला आणि बाजूच्या बटणावर दिला. लागोपाठ पाच वेळा. पितळी ठोकळ्याला बटण नव्हतं.

आधी फोनचा धोक्याचा भोंगा. मग बाबा. आवाज पूर्ण, खरखर शून्य. "चिमणे! कुठे धडकलीस?" मी ब्रेक मारून फोन ओढला. एका हाताने निघाला नाही. मी ठीक आहे असं दोनदा सांगितलं, पण बाबा बोलताना ऐकत नाहीत. "रडू नकोस. ती गोगलगाय आहे ना बरोबर? त्यांना म्हणावं, जन्मात एकदा तरी घाई करा आणि गाडीतून उतरा!"

मागच्या सीटवर रबरबँड खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते. अंदाजे सहा हर्ट्झ.

साहेब सावकाश फोनकडे वाकले. "नमस्कार. गोगलगायच बोलतेय. मुलगी सुखरूप आहे." बाबा म्हणाले, "अरे वा, तुम्ही तर बरे दिसता!"

नॉब फिरवायचं मला कॉल संपल्यावर सुचलं.

मग साहेबांनी दोन्ही हातांनी स्क्रू सोडवला आणि उरलेला रस्ता फोन तळहातावर धरून वाचून दाखवला. प्रत्येक वळण गेल्यावर.

परतताना गेटपाशी म्हणाले, प्रमुख रबरबँड. "मला खरी वस्तू लावून बघणारा माणूस हवाय." नावाचा राग काढला, दुसरं काय. आकस उघड आहे.

शनिवार, ८
टेबलावर एक पाकीट होतं. आत दोन रबरं. चिठ्ठी नाही.

रविवारी साहेब आमच्याकडे चहाला येणार आहेत. मी बोलावलेलं नाही. त्यांचं आणि बाबांचं परस्पर ठरलं. बाबा खुशीत.

पाच वेळा बटण दाबायची ती सोय बंद करायला घेतली होती. बाबांनी काल कॉल लागताच अनवाणीच रिक्षा गाठली होती, हे आईने आत्ता सांगितलं. सोय राहू दिली.

फोन जाळीला बांधलाय. येताना नऊ किलोमीटरमध्ये पडला नाही. एका चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

रबरं तात्पुरती आहेत.