बाळ घरी नेण्याची परीक्षा

आदरणीय मामी,

सविनय नमस्कार. ताईने आपल्याला फोनवर ‘येऊ नका’ असे सांगितल्यानंतर घरातल्या सर्वांत धाकटीने पत्र लिहिण्याचे धाडस करावे, हे औचित्याला सोडून आहे, क्षमा असावी. आपले गुडघे आता कसे आहेत? ताईचे बाळ (अजूनही माझ्या शब्दकोशाहून हलके) सुखरूप असून उद्या अतिदक्षता विभागातून घरी येण्यास सिद्ध आहे. सिद्ध नाही ते आम्ही. ताईखेरीज घरातील आणखी एकाला बाळाचे सारे करता आले पाहिजे, त्याशिवाय सोडणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

हा मान प्रथम भावोजींना मिळाला. ते पडले लिफ्टदुरुस्तीतले; बाळाकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी नजर लावली ती ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर. ‘अहो, बाळाकडे बघा, बाळाकडे! घरी काय हा टीव्ही नेणार आहात?’ सिस्टर म्हणाल्या. ‘भाड्याने मिळेल का?’ असे भावोजींनी गंभीरपणे विचारले आणि ते नापास झाले.

मग माझी पाळी. बाळाला पाठीवरच निजवावे, पिताना ओठ निळसर दिसल्यास दूध तत्काळ थांबवावे, सारी उत्तरे मी मुद्देसूद दिली. सिस्टर खूश होऊन म्हणाल्या, ‘छान. आता उचल.’ मामी, मी हात धुवायला गेले. कोपरापर्यंत धुतले, नखे तपासली, पुन्हा धुतले, (शंका नको म्हणून) आणखी एकदा धुतले. ‘अगं, पोर शाळेत जाईपर्यंत धुणार आहेस का?’ सिस्टर ओरडल्या. सगळे हसले, ताई हसली नाही. ‘उद्या आपण घरी जाऊ ना गं?’ एवढेच तिने विचारले, आणि मी पुन्हा नळ सोडला.

आपला रुसवा रास्त आहे. परंतु ताईचा नकार आपल्याला नव्हता, आपल्यासोबत निघालेल्या जीपभर आप्तांना होता. बाळाला गर्दी आणि सर्दी दोन्ही वर्ज्य आहेत.

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. : आपण एकट्या, आजच्या आज याल का? माझ्याऐवजी आपण परीक्षेला बसावे, ही नम्र विनंती.

ता. ता. क. : एवढ्यात सिस्टरांनी मला खुर्चीत दाबून बसवले, बाळ कापडाने माझ्या छातीशी बांधले आणि त्या शेजारच्या बाळाकडे गेल्या. आमचे बाळ झोपले आहे. पाठीला खाज सुटूनही मी हललेली नाही. ताई म्हणते, ‘झालीस की पास!’ तिच्यावर विसंबू नये. आपण याच.

(ताईकरवी फोटो काढून मोबाईलवर रवाना : मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३ वाजून १२ मिनिटे)