चांगल्यातल्या चांगल्या बाटल्या

४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना तुम्ही दोघी पत्रं काय लिहीत बसता, असं माझी इथली शेजारीण विचारते. तिला काय सांगू, फोनवर तू जेवलीस का आणि सर्दी गेली का यापलीकडे जात नाहीस, पत्रात मात्र अख्खं घर उचलून पाठवतेस.

आज लिहायला बसले ती एका कामासाठी. आमची कंपनी फळांचा रस विकते हे तुला ठाऊक आहे. माझं काम कचरा कमी करण्याचं, हेही एकदा सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस की घरी असताना स्वतःच्या टेबलावरचा कधी केला नाहीस. तर तुमच्या बाटल्या धुण्याच्या शेडजवळच्या आमच्या कारखान्यात आजवर नव्या बाटल्यांत रस भरत. आता वरून हुकूम आलाय की हे बदला. एका गटाला प्लास्टिकची पातळ पिशवी हवी आहे. ती हलकी, जहाजात जास्त मावते, इंधन वाचतं, आणि हिशेबाने त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण ती पिशवी एकदा फाडली की तिचं पुढे काहीच होत नाही. मी हट्टाने म्हटलं की जुन्या बाटल्या धुऊन वापरू, धुणारे लोक कारखान्याच्या दाराशी आहेत.

आमच्या मोठ्या बाईंनी एक संधी दिली आहे. एक कंटेनर माल तुमच्या धुतलेल्या बाटल्यांतून इकडे यायचा. दुकानात लोकांनी तो घेतला तर तुमच्या शेडला कायमचं काम, नाही घेतला तर पिशवी. प्रत्येक बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवणार आहोत, तिच्यावरची ओळ मी लिहिली आहे: ‘ही बाटली याआधीही कामी आली आहे.’

तुम्ही माझे कोण हे मी ऑफिसात बोललेले नाही. नातेवाइकांना काम द्यायचं म्हणजे दहा चौकश्या, उगाच फाटे फुटतात. तू चांगल्यातल्या चांगल्या बाटल्या पाठव. माझं नाक कापू नकोस.

दादाला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
ठमी

१९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझ्या दादांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. संध्याकाळी गरम पाण्याच्या टाकीची गळती स्वतः खाली बसून बंद केली. कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. कामाच्या बायांना सांगितलं तर त्यातली थोरली म्हणाली, आपल्या हातच्या बाटल्या विमानाने जाणार का. जहाजाने म्हटल्यावर तिचा जरा हिरमोड झाला.

ठमे, आम्ही तुझे कोणी नाही हे बरं सुचलं तुला. तुझ्या दोन वेण्या घालता घालता माझी शेगडीवरची भाजी करपायची, ते आता कंपनीकडून भरून मागते.

एक विचारायचं होतं. आमची बाटली किती घासली, दिव्यासमोर धरून किती निरखली तरी तिच्या पोटाशी एक पांढुरकं कडं राहतं. क्रेटमध्ये एकीला एक घासून ते पडतं. बाटली स्वच्छ असते, पण नवी दिसत नाही. इथले सरबतवाले ते बघतही नाहीत. तुमच्याकडच्या लोकांना चालेल का? दादा म्हणतात, चालणारच, त्यासाठीच तर मागवल्यात. मला मात्र धास्ती वाटते. तेवढं कळव म्हणजे कामाला लागते.

जिव्हाळा राहू दे.
तुझी
वहिनी

२ मार्च

ती. सौ. वहिनीस, सा. न.

घाईत लिहितेय, रागावू नकोस. सकाळपासून बैठका चालू आहेत आणि पिशवीवाल्यांनी मोठा पसारा मांडलाय. बारीकसारीक मला विचारत बसू नकोस गं, त्यातलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. बघणाऱ्याने नाक मुरडता कामा नये, एवढं सांभाळ. इथे सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले आहेत.

बाकी नंतर सविस्तर.
ठमी

२८ मार्च

चि. ठमीस, अ. उ. आ.

माल गेला. अशा बाटल्या पाठवल्यात की तुमच्या मोठ्या बाई तोंडात बोट घालतील. कशा केल्या ते विचारू नकोस. दादा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीत, पण त्यांचं काय, ते गळक्या टाकीशी जास्त बोलतात.

तुझं नाव राखलं आहे. आता तू तब्येत राख.
वहिनी

३ जून

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू? माल दुकानात लागला आणि बघता बघता संपला. मोठ्या बाई स्वतः माझ्या टेबलाशी आल्या, बाटली उजेडात फिरवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या की ही वापरलेली आहे यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पिशवीवाले गप्प झालेत. वर्षाच्या अहवालात पहिल्या पानावर आपल्या बाटलीचा फोटो यायचा आहे. मला घरी येऊन रडू आलं. इतकी वर्षं नुसते आकडे मांडले, हातात धरून दाखवावं असं हे पहिलंच.

आता सांग, ते पांढरं कडं घालवलंस कसं? बाईंनी विचारलं, मला सांगता येईना. बाकीच्या देशांतल्या कारखान्यांनाही ती रीत शिकवायची म्हणतात.

इथून उड्या मारत पत्र टाकायला चालले आहे. तिकडूनही थोडं कौतुक पाठव.
ठमी

१७ जून

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझा आनंद वाचून पोट भरलं. पण रीत कुणाला शिकवू नकोस, कारण रीत काही नाही.

तू लिहिलंस चांगल्यातल्या चांगल्या पाठव. मी कड्याचं विचारलं तर म्हणालीस की नाक मुरडायला नको. मी बाया घेऊन आठवडाभर घासल्या, पण कडं काही जाईना. मग काचेच्या कारखान्यातून तशाच घाटाच्या कोऱ्या बाटल्या घेतल्या, पदरचे घालून. त्याच विसळून दिल्या. घरात पाहुणा आला तर आपण रोजचे टवके गेलेले कप काढतो का? कपाटातले काढतो. तुझे लोक पहिल्यांदा आपला माल बघणार, तुझी मान वर राहावी एवढंच मनात होतं. एकदा काम मिळालं की पुढे धुतलेल्या द्यायच्याच होत्या.

दादांना हे पटलं नव्हतं. ते म्हणाले, तिने जुन्या मागितल्यात तर जुन्याच दे, नव्या काय तिला तिकडे मिळत नाहीत? मी म्हटलं, तुम्हाला बायकांच्या लाजेतलं काही कळत नाही.

आता तू लिहिलंस ते वाचून तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून बघितलं. मी काही वाईट तर केलं नाही ना? लगेच कळव.

काळजीत,
वहिनी

२० ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस, सा. न.

दोन महिने लिहिलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेले होते, आणि तिथूनच परत फिरले. माल विकला गेला होता, अहवाल छापायला गेला होता. वाटलं, पुढच्या खेपेला खऱ्या बाटल्या येतील आणि हे आपोआप झाकलं जाईल. त्या दिवशी आत गेले असते तर थोडं तरी वाचलं असतं. आता त्याचा काय उपयोग.

इथल्या एका शाळेतल्या शिक्षिकेने कौतुकाने आपली बाटली वर्गात नेली आणि मुलांना चिठ्ठी वाचून दाखवली. मुलांनी ती उलटी केली. बुडाशी साच्याची खूण होती, तिच्यात यंदाचं साल. यंदा जन्मलेली बाटली याआधी कामी कशी आली, असं मुलांनी विचारलं, आणि शिक्षिकेने तेच कंपनीला लिहिलं. मग पेपरात आलं. आता सगळे म्हणतात की कंपनीने नव्या बाटल्यांवर जुनेपणाचं खोटं चिकटवलं.

वहिनी, मला तुझ्याकडून नव्यासारख्या बाटल्या नकोच होत्या गं. ते पांढरं कडंच लोकांना दाखवायचं होतं, तीच तर आमची खरी जाहिरात होती. आणि तू नेमकं तेच विचारलंस तेव्हा मला एक ओळ लिहायला सवड झाली नाही. तुझ्यावर रागावायला मला तोंड नाही.

कारखान्याकडून तपासणीचे एक गृहस्थ येतील. बाटल्या तुम्ही बदलल्या एवढं सांग, ते खरंच आहे. बाकी घरचं काही निघालं नाही तर बरं. माझी नोकरी अजून आहे, कशीबशी.

दादाची कंबर कशी आहे?
ठमी

१५ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तपासणीचे गृहस्थ येऊन गेले. इकडचेच आहेत, वयाने लहान, बोलायला मऊ. त्यांनी शेड फिरून पाहिली, टाकी पाहिली, बायांना नमस्कार केला. आपल्या धुतलेल्या बाटल्या रांगेने तशाच उभ्या आहेत, त्यातली एक उचलून ते म्हणाले की हीच पाठवली असती तर काहीच झालं नसतं. मी सगळं कबूल केलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालं, असं स्पष्ट सांगितलं आणि सही केली. पहिल्याच वेळेला तुझ्या दादांचं ऐकलं असतं तर, हे रोज मनात येतं आणि रोज गिळते.

काम गेलं. दिवाळं निघालं नाही, पण पदरचे घातलेले भरून येत नाहीत, म्हणून शेड या महिन्याअखेर खाली करून देतो आहोत. कारखान्यात पिशव्या भरायचं यंत्र आलंय, तिथे आपल्यातली थोरली बाई लागली. म्हणते, हात कोरडे राहतात, पण करमत नाही. धुतलेल्या बाटल्या भंगारवाला नेणार आहे. जहाजातून जाण्याजोग्या त्याच होत्या, आणि आता फोडून वितळवायला जातील.

एक सांगायचं राहिलं. त्या गृहस्थांनी मला विचारलं की कंपनीत तुमच्या ओळखीचं कुणी आहे का. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले की खरं तर विचारायला नको, तिकडे बाटल्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी लिहून दिलंय की या घराशी आपला काही संबंध नाही आणि या लोकांना आपण कधी पाहिलेलं नाही. मग मीही म्हटलं, नाही, आम्ही ओळखत नाही. तू आधी म्हटलेलं असल्याने मला ते फारसं जड गेलं नाही. तू असं कधी लिहिलंस ते मी विचारत नाही. नोकरी टिकली, ते बरं झालं.

पण चहा पिता पिता त्यांची नजर टेबलामागच्या फोटोवर गेली. तुझा तो, क्रेटवर बसून दोन वेण्या पुढे घेतलेला. मला काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं. ही कोण, असं त्यांनी विचारलं. घाबरून मी म्हटलं, आमची मुलगी, गेली. लांब राहायला गेली असं पुढे म्हणणार होते. पण त्यांनी कप ठेवला, मान खाली घातली, आणि किती वर्षं झाली असं हळूच विचारलं.

मी वर्षं सांगितली. तू इथून निघालीस तेव्हापासूनची.

दादा टाकीशी उभे होते, त्यांनी ऐकलं. बाहेर गेले ते जेवायलाही आले नाहीत. फोटो मी घरी आणून ठेवला आहे.

तुला राग आला तरी पत्र टाक, नाही आला तरी टाक.
तुझी
वहिनी