तीस बैठकांचा सौदा

तीर्थरूप प्रेमलामावशीस रिद्धीचा नमस्कार.

आधी एक प्रश्न: घरातली पहिली पदवीधर घरातल्या कुणाला काहीच का पटवू शकत नाही? तुझा गुडघा कसा आहे? दातिवऱ्याला बोंबील वाळत घातले असतील. (हिनावहिनी, वाचून दाखवताना कंस गाळू नकोस.) फोनच केला असता, पण आई शेजारी बसून ऐकते आणि मध्येच बोलते.

चार वर्षांपूर्वी आईच्या तोंडाच्या कॅन्सरवर किरणांचा उपचार झाला, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की विचारल्याशिवाय दात काढायचा नाही. किरणांनी जबड्याचं हाड कमजोर होतं, जखम भरत नाही. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. (आईला वाचता येत नाही, हे फ्रेम करून आणल्यावर आठवलं.) यंदा दाढ ठणकली तशी ती मला न सांगता बोईसरला एका दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने विचारलं, आधी काही आजार, काही उपचार? आता तीस वर्षं बाजारात मासळीच्या टोपलीमागे बसलेली बाई. समोरच्याने माल कसा आहे विचारलं की तिच्या तोंडून एकच निघतं. "काय नाय, एकदम ताजी हाय!" दाढ निघाली. तीन महिने जखम भरली नाही, आणि आत पापलेटच्या काट्यासारखं पांढरं हाड दिसू लागलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय बंद नळीत झोपून शुद्ध प्राणवायू घ्यायच्या तीस बैठका सांगितल्या. आत दाब असा, की जणू सात वाव, चाळीसेक फूट पाण्याखाली. त्याने हाडाशी रक्त फिरेल अशी आशा. नाहीतर तेवढा जबडा काढून तिथे पायाचं हाड.

"पायाचं हाड तोंडात? मग मी बोलू का चालू?" आई म्हणाली. "तीस नाय, वीस करा."

"मावशी, तीसच," डॉक्टर म्हणाले.

"बावीस. एवढ्या लांब घिवलीवरनं येतो आमी."

मग ती पदर खोचून दाराकडे निघाली, गिऱ्हाईक निघतं तशी, मागून हाक येईल म्हणून. (कॉरिडॉरमध्ये आम्ही पंधरा मिनिटं अगदी हळू चालत होतो.) हाक आली नाही. घरी आलो.

मला मात्र त्या नळीचीच स्वप्नं पडतात. आपल्या बाया समुद्रावर जात नाहीत. पुरुषांनी आणलेला समुद्र विकतात. स्वप्नात आई हिरव्या पाण्याखाली निजलेली असते, सरंगे मासे नळीच्या काचेला तोंड लावून भाव विचारतात, ती डोळे मिटूनच नाही म्हणते, आणि तिच्या जबड्यात रक्त भरतीसारखं सावकाश चढत असतं. जागी झाले तरी मला बराच वेळ लाटा ऐकू येतात.

तुझी,
रिद्धी

ता. क. आई नळीला भीत नाही. सहा आठवडे बाजारातली जागा रिकामी राहिली तर तिथे दुसरी कुणी बसेल, ही तिची भीती. तू येऊन बस. आवाज तुमचा सारखाच, शिव्याही त्याच.

ता. क. २. तू "बघते" म्हणशील. पत्र आणणाऱ्या मेहुलच्या टेम्पोत पुढची सीट तुझ्यासाठी धरली आहे. तू कालच येऊन जागेवर बसलीस, असं मी आईला सांगून टाकलंय, तेव्हाच ती तीसला कबूल झाली. पत्र घरी लिहिलं, एवढा ता. क. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आई आत आहे, पहिली बैठक सुरू झाली.