निळ्या पट्ट्यांच्या सपाता

बाबा,

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या बायकांची चर्चा चालली होती, स्वतःच्या पगारातून घेतलेली आणि सगळ्यात सुख दिलेली वस्तू कुठली. एकीने कुकर सांगितला, एकीने मिक्सर, एकीने टेबलफॅन. आज माझ्या घरात ही तिन्ही आहेत. पण मी म्हटलं, रबरी सपाता, निळ्या पट्ट्यांच्या, आईसाठी घेतलेल्या. सगळ्या खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. तुमचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी डबा बंद केला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आईचे पाय तुम्ही कधी बघितले होते का? मी बघितले होते. वैशाखात डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती खालापूरच्या बाजाराला निघायची तेव्हा रस्त्याचं डांबर तळव्यांना चिकटायचं. टाचांना भेगा अशा, की त्यात दोन आण्याचं नाणं उभं राहावं. पळीत कोकमाचं तेल कढवून ती त्या भेगांत सोडायची आणि ओठ दाबून बसायची. तुमच्या पायात मात्र करकर वाजणाऱ्या वहाणा. बाईमाणसाने ओटीसमोरून पायात घालून जायचं नाही, हा तुमचा कायदा. गावात तो सगळ्यांचाच होता म्हणा. पण बाकीच्या घरांतले पुरुष मान वळवून न बघितल्यासारखं तरी करायचे. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचात.

रसायनीला कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, सहा दिवस तिथे खोलीवर आणि शनिवारी संध्याकाळी घरी. पहिल्या पगाराला कर्जतच्या पेठेत गेले. आईच्या पायाचं माप सुतळीवर घेऊन ठेवलं होतं. सपाता घरी आणल्या तर तिचा अंगठा पट्टीत शिरेना. जन्मभर मोकळी राहिलेली बोटं, हातपंख्यासारखी फाकलेली. मी खाली बसून एकेक बोट धरून घातलं. मग ती मागच्या दारी चालतेय, गोठ्यापर्यंत जातेय, परत येतेय, आणि तोंडाला पदर लावून हसतेय. "अगं बाय, खालची जमीन लागतच नाय गं," म्हणाली. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना ती सपाता काढायला विसरली. एवढाच तिचा गुन्हा. ओटीवर तुम्ही आणि गावातले चौघे. "कोन गं ती? कुठली राणी चाललीय?" तुम्ही ओरडलात. आई जागच्या जागी थिजली. "काढ आदी. माझ्या ओटीसमोरून बाई पायात घालून जायाची नाय." तिने काढल्या. तुम्ही उठलात, दोन बोटांत धरून त्या शेणखईत भिरकावल्यात आणि परत येऊन पान लावायला बसलात. माझ्याकडे बघून म्हणालात, "चार बुकं शिकलीस म्हनून घराला अक्कल शिकवू नको." ते चौघे हसले. आई अनवाणीच बाजाराला गेली. संध्याकाळी तिने काठीने त्या बाहेर काढल्या, विहिरीवर घासून धुतल्या, आणि पुढे कित्येक वर्षं पाटीत भाजीखाली लपवून नेल्या. रस्त्याचं वळण आलं, की घालायची. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं, बाबा, माझी वेळ येईल.

आणि आली! तुम्हाला साखरेचा आजार निघाला. तळव्यांची आग आग व्हायला लागली, वहाणा चावायला लागल्या, अंगठ्याची जखम भरेना. कर्जतच्या डॉक्टरांनी वहाणा बंद करून काहीतरी मऊ घाला म्हणून सांगितलं. शनिवारी मी आले तेव्हा ओटीवर कोणी नव्हतं. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "पोरी, तुज्या त्या रबराच्या मलापन आन गं येक जोड." मी म्हटलं, "आणते. पण आधी आईला सांगा, इथेच, माणसं बसलेली असताना, की पायात घालून जा." तुमचा चेहरा काय झाला होता! "बापाला अट घालतीस?" "हो, घालते."

जोड मी त्याच आठवड्यात घेतला. तुमच्या मापाचा, चांगल्या जाड तळाचा. दर शनिवारी माझ्या पिशवीत असायचा. घरी आले, की पिशवीतून खारी काढायचे, बिस्किटं काढायचे, आईचं औषध काढायचे, आणि पिशवी बंद करून खुंटीला लावायचे. तुम्ही कडेकडेने बघायचात. विचारायचा नाहीत. मीही बोलायचे नाही. अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना तुम्ही पाऊल टेकलं न टेकलं करत, भिंत धरत जायचात, आणि मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. चार महिने मी हा सोहळा बघितला. एक वाक्य बोलला असतात तर सुटला असतात. नाही बोललात. मग एका गुरुवारी छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात, आणि मी हरल्यासारखी तुमच्या पायांशी उभी राहिले.

तेरावं झाल्यावर मी मागच्या दारी भांडी घासत होते. आईच्या सपाता तिथे पडलेल्या. पट्ट्या ताणून लोंबत होत्या, टाचेकडचं रबर पार झिजलेलं. म्हटलं, आई, ह्या एवढ्या सैल कशा झाल्या? ती म्हणाली, "त्यांचं पाऊल मोठं ना." मला कळेचना. "बाबा घालायचे?" "तू सोमवारी गेलीस का मीच काढून द्यायची. मागल्या दारी, कोन बघतंय. भाजायचं गं त्यांना, लेकरासारखे कळवळायचे." "आणि तू काय घालत होतीस?" "माजं काय, माजे पाय पक्के हायेत." मी तिला खाली बसवून तिची टाच हातात घेतली. भेगा उघड्या होत्या, आत रक्त सुकलेलं.

म्हणजे तिचं जे एक सुख होतं, तेही तुम्ही शेवटी स्वतःच्या पायात घातलंत, आणि तेही चोरून. त्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि तुमची माफीही मागणार नाही. पण तुम्हाला शिक्षा म्हणून मी तो जोड पिशवीत बंद ठेवला, आणि चार महिने अनवाणी आई चालली. ती आता माझ्याकडेच असते, रोज समोर बसून जेवते. मी जोड आणलाच नव्हता, असं तिला वाटतं. तिला खरं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.