दाराला टेकवलेली काठी

किहनू बेट, ४ जून

चि. एप हिला आजीचे अ. उ. आ. वि. वि. कसली, जाबच विचारायचाय.

काल फोनवर नव्या नंबरावरून तुझ्या नावाने निरोप आला. म्हणे तुझा फोन हरवला. म्हणे माझा संगणक बिघडलाय, माणूस पाठवतेस, ओळखकार्ड त्याच्या हाती द्यावं. वर ‘लाडक्या आजी’! जन्मात कधी लाडकी म्हणालीस? ‘म्हातारे’ म्हणतेस. तिथेच मला वास आला. आणि संगणक ठणठणीत आहे, परवाच त्यावर बोटीचं तिकीट काढलं.

तुझा जुना नंबर लावला, तू उचलत नाहीस. नव्यावर विचारायची सोय नाही. हल्ली आवाजाचंही सोंग आणतात, असं शेजारची लीन सांगते. म्हणून हे पत्र. उत्तर हातानेच लिही, तुझं गिचमिड अक्षर कुणा चोराला जमायचं नाही.

ते कार्ड संगणकात खोचून गुप्त आकडे घातले की माझी कायदेशीर सही होते. घर माझं, बोटीतला वाटा माझा. उद्या भलत्यानेच सही ठोकली तर मी काय माशांच्या पिंपात राहू?

लोभ आहे, पण उत्तर येईपर्यंत अडकवून ठेवलाय.

मारेट आजी

पार्नू, ७ जून

ती. म्हातारीस सा. न. वि. वि.

निरोप माझा नाही. फोन शाबूत आहे, कामावर बंद ठेवते. कार्ड कोणालाही देऊ नकोस, माझं नाव सांगणाऱ्याला तर मुळीच नाही.

रागावू नकोस, पण तुझ्या वाढदिवसाचा फोटो मी सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता. आज मोठा करून पाहिला. तुझ्यामागे संगणक, कार्ड त्यातच खोचलेलं, आणि खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेले दोन्ही गुप्त आकडे! फोटो काढून टाकलाय. पण आकडे त्याला मिळाले असणार, आता फक्त कार्ड हवंय. कार्ड काढ, आकडे बदल, चौकट खरवड.

दाराला काठी टेकवली की घरात कोणी नाही, आल्यागेल्याने परत फिरावं, हे बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं, असं नेहमी म्हणतेस. पण म्हातारे, तो बेटावरचा नाही.

लोभ असावा, संशय त्याहून जास्त असावा.

एप

किहनू, ११ जून

चि. एपला आ.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, म्हणजे तुझंच. लगेच आकडे बदलले. तुझ्या आजोबांची जन्मतारीख घालणार होते, पण ती थडग्यावरच कोरलीय, कोणीही वाचावी. मग दुसरं काही घातलं. काय ते तुलाही सांगणार नाही. कार्ड मोज्यात आहे.

काल मागे बटाट्यांना माती लावत होते. दाराला काठी होती. बोटीने आलेला एक गुळगुळीत बाप्या फाटकातून शिरला. हाक नाही, खाकरणं नाही. काठी बाजूला ठेवली आणि सरळ आत! तू पाठवला असतास तर काठीचं आधी बजावलं असतंस. मी तीच काठी उचलली, बाहेरून दाराच्या कडीत आडवी सारली आणि लीनला पोलिसाकडे पिटाळलं. पोलिस येऊन त्याला नेईपर्यंत तो आतून मधाळ आवाजात सांगत होता की एपनेच पाठवलंय. मी म्हटलं, मग तिचं पत्र दाखव.

भर उन्हाळ्याच्या सणाला बेटावर शेकोटी पेटते, तिला ये. काठी दिसली तर पायरीवर बस, खरी असलीस तरी.

अडकवलेला लोभ सोडलाय. त्याचा फोटो टाकू नकोस.

मारेट आजी